दाराबाहेर कोण आहे?

प्रश्न : मी भयकथा लिहिते. भूत दाखवलं की वाचक हसतात, नाही दाखवलं तर कथा पोकळ वाटते. काय करू? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, भूत जरा बाजूला ठेवा. आधी माणसाची चूक पक्की करा. इंग्रज लेखक डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांची १९०२ सालची भयकथा 'द मंकीज पॉ' घ्या. त्यात एक म्हातारा, तीन इच्छा पुऱ्या करणाऱ्या माकडाच्या वाळक्या पंजाकडे २०० पौंड मागतो. लोभ तरी केवढा? घराचं कर्ज फिटण्यापुरता. दुसऱ्याच दिवशी मुलगा कारखान्याच्या यंत्रात सापडून मरतो आणि भरपाई मिळते, बरोबर २०० पौंड! माझ्या पोटात गोळा येतो तो इथे, आणि भूत अजून आलेलंही नसतं.

पुढे आईच्या हट्टापायी बाप मुलाला परत मागतो. रात्री दार वाजतं. आई कडी काढायला धडपडते, बाप अंधारात जमीन चाचपडत माकडाचा पंजा शोधतो आणि सापडताच तिसरी, शेवटची इच्छा मागतो. दार उघडतं, तर बाहेर रस्ता सुना. लेखक काहीच दाखवत नाही. पण यंत्रातून निघालेला मुलगा बापाने पाहिलेला असतो, आणि हे आपल्याला ठाऊक असतं.

तुमच्या माणसाने काय मागितलं, ते मला एका ओळीत लिहून पाठवा.