शाळेच्या लायब्ररीतली पुस्तकं आणि टेक्सासचा कायदा : पालकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : आम्ही डॅलसजवळच्या उपनगरात राहतो, मुलगी सातवीत आहे. शाळेच्या पुस्तकांना स्कूल बोर्डाची मंजुरी सक्तीची करणारं टेक्सासचं सिनेट बिल १३ आल्यापासून लायब्ररीत नवी पुस्तकं फार उशिरा येतात. आम्हा काही पालकांना याला विरोध करायचा आहे. पण कायदा तर झालेलाच आहे, मग सुरुवात कुठून करायची?

स्कूल बोर्डापासून. कायद्यावर जून २०२५ मध्ये सही झाली आणि २०२५-२६ च्या शालेय वर्षापासून तो लागू आहे, हे खरं. पण पुस्तकांना मंजुरी देण्याचा अधिकार त्याने तुमच्याच स्कूल डिस्ट्रिक्टच्या ट्रस्टींना, म्हणजे बोर्डाच्या निवडून आलेल्या सदस्यांना, दिला आहे. बहुतेक ठिकाणी हे ट्रस्टी सातच असतात, आणि त्यांच्या निवडणुकीत मतदान इतकं कमी होतं की एका वस्तीतली मतंही त्यांना मोजावी लागतात.

आता प्रक्रिया अशी चालते. लायब्ररियन यादी करतात, ती निदान ३० दिवस डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर राहते आणि मग जाहीर बैठकीत बोर्ड तिच्यावर मत देतं. हे ३० दिवस तुमचे आहेत. यादी लागली की चार-पाच जणांनी पुस्तकं वाटून घ्या आणि प्रत्येकाने दोन-तीन तरी पूर्ण वाचा. पुस्तकांचे विरोधक बहुधा एखाद्या पानावरचा उतारा मोठ्याने वाचून दाखवतात. त्या वेळी अख्खं पुस्तक वाचलेला माणूस सभागृहात असला तर चर्चेचा सूर बदलतो.

बैठकीचा अजेंडा आता कामकाजाचे तीन दिवस आधी लागावा लागतो. ज्या बैठकीत पुस्तकांची यादी अजेंड्यावर असेल त्याच बैठकीला जा. अजेंड्यावरच्या विषयावर बोलण्याचा हक्क राज्याच्या कायद्यानेच दिलेला आहे. इतर विषयांवर बोलू द्यायचं की नाही हे बोर्ड ठरवतं, आणि बोलू दिलं तरी ट्रस्टींना त्यावर चर्चा करता येत नाही. नाव नोंदवायची वेळ प्रत्येक डिस्ट्रिक्टची वेगळी असते, काही ठिकाणी ती दुपारीच संपते. पहिल्यांदा जाणारे बहुतेक इथेच अडकतात.

दोन मिनिटं मिळाली तर इंग्रजीत साधारण २५० शब्द बसतात. लिहून न्या आणि घड्याळ लावून वाचून बघा. सेन्सॉरशिपवर भाषण नको. पुस्तकाचं नाव, ते कोणत्या इयत्तेसाठी आहे, त्यातून मुलांना काय मिळतं आणि बोर्डाने नेमकं काय करावं, एवढंच सांगा. सगळ्यात ठोस मुद्दा याच कायद्यात आहे. आपल्या मुलाने कोणती पुस्तकं घरी न्यायची नाहीत याची यादी पालकाला शाळेला देता येते, आणि मुलाने कोणती नेली तेही पाहता येतं. म्हणजे ज्याला नको त्याची सोय झालेली आहे. मग तेच पुस्तक माझ्या मुलीलाही का मिळू नये? हा प्रश्न राजकीय बाजू न घेता विचारता येतो आणि त्याला उत्तर देणं अवघड जातं.

एकाच मजकुराचे शंभर ईमेल पाठवू नका. ट्रस्टी ते एकच पत्र समजतात. मुलाची शाळा आणि आपला भाग लिहून, स्वतःच्या शब्दांत आलेली वीस पत्रं जास्त वजनाची.

प्रश्न : लायब्ररीच्या पुस्तकांवर बोर्डाला सल्ला देणाऱ्या समितीसाठी पन्नास पालकांच्या सह्या गोळा कराव्यात असं कोणी सुचवलं. कराव्यात का?

घाई करू नका. ५० पालकांनी किंवा १० टक्के विद्यार्थ्यांच्या पालकांनी, यातला जो आकडा लहान असेल तेवढ्यांनी, मागणी केली की बोर्डाला लायब्ररी सल्लागार समिती नेमावीच लागते. समितीत निदान पाच जण असतात आणि मताधिकार असलेल्यांत बहुमत डिस्ट्रिक्टमध्ये नोकरी न करणाऱ्या पालकांचं असतं. ऐकायला छान वाटतं, पण नेमणुका बोर्डच करतं. बोर्डाचा कल बंदीकडे असेल तर तुम्हीच सह्या गोळा करून बंदीवाल्यांची समिती उभी केली, असं होईल.

आधी समिती आहे का ते विचारा. असेल तर नियमित वाचणाऱ्या, रात्रीच्या बैठकांना टिकून बसणाऱ्या दोन-तीन पालकांची नावं नेमणुकीसाठी द्या. पुस्तकावर हरकत आली की निकाल लागेपर्यंत ते मुलांना मिळत नाही, म्हणून समितीचं काम रेंगाळणं हीच एक बंदी ठरते. कोणत्या पुस्तकांवर हरकती आल्या आणि त्या किती दिवस पडून आहेत, हे माहितीच्या कायद्याखाली ईमेलने मागा.

प्रश्न : मी एच-१बी या कामाच्या व्हिसावर आहे, सासूबाई ग्रीन कार्डवर. त्यांना इंग्रजी बोलता येत नाही. आम्ही काय करू शकतो?

बैठकीत दोघंही बोलू शकता. सासूबाईंना मराठीत बोलू द्या, शेजारी दुभाष्या उभा करा. दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला निदान दुप्पट वेळ द्यावा, असं टेक्सासचा कायदा सांगतो. मात्र दुभाष्या आणणार हे नाव नोंदवतानाच कळवा. नातवंडांना गोष्टी वाचून दाखवणारी आजी स्वतःच्या भाषेत बोलली तर ट्रस्टी ऐकतात.

मतदान फक्त नागरिकांचं. इतरांनी मतदार नोंदणीचा फॉर्म चुकूनही भरू नये, पुढे इमिग्रेशनमध्ये फार महागात पडतं. ग्रीन कार्ड असलेल्यांना उमेदवाराला देणगी देता येते, एच-१बी वाल्यांना स्कूल बोर्डाच्या निवडणुकीतही नाही.

प्रश्न : आमचं महाराष्ट्र मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त ना-नफा संस्था, आहे. मंडळाच्या नावाने पत्र दिलं तर चालेल?

बोर्डाला पुस्तकांच्या धोरणाबद्दल पत्र देता येतं. लॉबिंगच्या, म्हणजे कायदे करणाऱ्यांवर प्रभाव टाकण्याच्या, नियमांत स्कूल बोर्ड ही प्रशासकीय संस्था धरली जाते, विधिमंडळ नव्हे. राज्याच्या विधेयकाला विरोध हे मात्र लॉबिंग आहे. तेही मर्यादेत चालतं, पण खर्चाची नोंद ठेवा. उमेदवाराला पाठिंबा पूर्णपणे बंद, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरूनसुद्धा नको.

आणखी एक : मंडळ शाळेला पुस्तकं भेट देत असेल तर तीही आता बोर्डाच्या मंजुरीतून जातात. मराठी पुस्तकांच्या यादीत प्रत्येक शीर्षकापुढे इंग्रजीत तीन-चार ओळींचा सारांश आणि योग्य वयोगट लिहा. ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांच्यापुढे नुसती नावं गेली तर यादी बाजूला पडते.

प्रश्न : कोर्टात जाता येणार नाही का?

सध्या वाट अरुंद आहे. २०२३ च्या कायद्यातली पुस्तकविक्रेत्यांनी पुस्तकांना श्रेणी देण्याची सक्ती कोर्टाने अडवली, पण ती विक्रेत्यांच्या हक्कावर. सार्वजनिक लायब्ररीतून काढलेल्या पुस्तकांबद्दल वाचकांच्या बाजूने लढलेला टेक्सासच्या लानो काउंटीचा खटला फिफ्थ सर्किट या फेडरल अपील कोर्टाने मे २०२५ मध्ये फेटाळला आणि डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने तो ऐकायला नकार दिला.

म्हणून पुढचं लक्ष १२ जानेवारी २०२७ ला सुरू होणाऱ्या राज्य विधिमंडळाच्या १४० दिवसांच्या अधिवेशनावर ठेवा. कमिटीपुढे साक्ष द्यायला ऑस्टिनला जावं लागतं, सूचना थोड्याच दिवसांची असते आणि कधी मध्यरात्रीपर्यंत थांबून दोन मिनिटं मिळतात. त्यापेक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपल्या आमदाराच्या स्थानिक ऑफिसची वेळ घ्या. पाच-सहा मतदार मिळून जा, शिक्षणाचा विषय सांभाळणाऱ्या सहायकाला भेटा. सोबत एकच पान न्या : तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये किती पुस्तकं किती दिवस अडकली आणि कायद्यातलं कोणतं कलम बदलायला हवं.