रम-व्हिस्की पिणाऱ्याला वाइन आंबट-तुरट लागते, म्हणजे त्याला चवच कळत नाही का?

तुम्हाला हे ज्यानं ऐकवलं तो आमच्या साडूंच्या ओळखीचा असणार. 11 वर्षांपूर्वी सोलापुरात, माझ्याच घरात बसून मी हेच ऐकून घेतलंय.

मे महिना. साडूंनी पुण्याहून रेड वाइन आणली. बाटली फिरवून बघितली तर अकलूजची! आमच्याच जिल्ह्यातला माल पुण्याला वळसा घालून परत आलेला. द्राक्ष तेवढं इटलीचं, सांजोवेझे. मी 25 वर्षं रम-थम्सअपवाला. पहिल्याच घोटाला कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ टाळूला चिकटली. मी सरळ बर्फाचे दोन खडे टाकले आणि वर थम्सअप ओतलं. साडू म्हणाले, "शेंगाचटणी खाऊन जीभ मेलीये तुमची. चव कळायला घराणं लागतं."

तेवढ्यात आमच्या सौ.नं नुसती चव घेते म्हणत ग्लास उचलला. जन्मात दारूला न शिवलेली बाई. "बरी आहे की वो!" म्हणाली आणि अर्धा ग्लास संपवला.

मला कोडंच पडलं. मग लक्षात आलं, ही दिवसातून तीनदा काळाकुट्ट उकळलेला कोरा चहा पिते. चहातही टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, आणि रेड वाइनमध्येही तेच. ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. तिच्या तोंडाला ते रोजचंच. माझ्या तोंडाला सवय कोल्ड्रिंकची, म्हणजे लिटरला 100 ग्रॅमच्या आसपास साखर. ड्राय, म्हणजे गोड नसलेल्या वाइनमध्ये ती सहसा 4 ग्रॅमच्या आतच, बाकीचीची यीस्टनं दारू केलेली. त्यात आम्ही द्राक्ष म्हणजे नान्नजची गोड सोनाका, एवढंच ओळखून वाढलेलो. घराण्याचा संबंध कुठं आला?

व्हिस्कीवाल्याचं जरा वेगळं. त्याला 42.8 टक्के अल्कोहोलचा चटका लागतो, 13 टक्क्यांची वाइन पांचट वाटते. त्यानं शिराझसारखी दणकट रेड बघावी. माझ्यासारख्यानं शेनिन ब्लाँ नावाची किंचित गोड पांढरी वाइन, चांगली गार करून.

बर्फावरून साडू अजून टोमणे मारतात. "रेड रूम टेंपरेचरलाच प्यायची." अहो, ती 16 ते 18 अंशांना प्यायची असते. मे महिन्यात आमच्या हॉलमध्ये पंखा लावून 38 असतं! आणि स्पेनमध्ये बास्क लोक रेड वाइनमध्ये कोला घालून खुशाल पितात, कालिमोचो म्हणतात त्याला. हे साडूंना व्हॉट्सअपवर पाठवलं. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

हां, शुगर असेल तर गोड वाइनचं माझं ऐकू नका. आणि आधी पीतच नसाल तर हे वाचून सुरूही करू नका. माझी डॉक्टरनं दोन वर्षांपूर्वीच बंद केली. सौ.चा कोरा चहा चालू आहे.