शंका मनात असताना प्रभुभोजन घ्यावे का?

प्रश्न : मी एकवीस वर्षांची असून पुण्यात वसतिगृहात राहून शिकते. आमचे घराणे अहिल्यानगर जिल्ह्यातले, कित्येक पिढ्यांपासून ख्रिस्ती. माझे दृढीकरण (विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी) झाले आहे आणि मी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, संडे स्कूलचा लहान मुलांचा वर्ग घेते. गेल्या वर्षी माझी मावसबहीण रक्ताच्या कर्करोगाने वारली. तिच्यासाठी सबंध मंडळीने उपास-प्रार्थना केल्या होत्या. दफनविधीनंतर एक वडीलधारे गृहस्थ ‘कोणाचा तरी विश्वास कमी पडला’ असे म्हणाले, ते वाक्य मनातून जात नाही. आता प्रार्थनेला बसले की ऐकणारा कोणी आहे का, असेच वाटते. मैत्रिणी सृष्टीची उत्पत्ती आणि चमत्कार यांवरून प्रश्न विचारतात, त्यांनाही उत्तर देता येत नाही. संशय धरणाऱ्याला प्रभूपासून काही मिळणार नाही, असे याकोबाच्या पत्रात लिहिले आहे. मग मी प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी) घेणे आणि मुलांना शिकवणे हे ढोंगच नाही का? शंका फिटेपर्यंत दोन्ही थांबवावे का?

उत्तर : सलाम. दोन्हींपैकी काहीही थांबवू नका; वर्ग घेण्याच्या रीतीत मात्र थोडा बदल करावा लागेल, त्याविषयी पुढे लिहिले आहे.

आधी त्या वडीलधाऱ्यांच्या वाक्याविषयी. ते बोलले ते चूक होते, आणि शोकात असलेल्या कुटुंबासमोर ते बोलायलाच नको होते. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी ‘पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे’ असे विचारले, तेव्हा येशूने दोन्ही पर्याय नाकारले (योहान ९). बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे उदाहरण तर तुमच्या प्रश्नाच्या अधिकच जवळचे आहे. यार्देनेच्या काठी ज्याने येशूकडे बोट दाखवले, त्यानेच तुरुंगातून शिष्यांकरवी विचारले की, येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी (मत्तय ११). येशूने त्याला दटावले नाही. आपण काय करीत आहोत ते कळवले आणि निरोप्ये परत गेल्यावर लोकांसमोर त्याची थोरवी गायिली. तरीही योहान तुरुंगातून सुटला नाही, तेथेच त्याचा शिरच्छेद झाला. त्याचा विश्वास कमी पडला म्हणून असे झाले, असे शुभवर्तमानात कोठेही म्हटलेले नाही. तुमची बहीण का गेली, याचे उत्तर माझ्यापाशी नाही, आणि ते आपल्यापाशी आहे असे सांगणाऱ्यापासून तुम्ही चार हात लांब राहावे.

याकोबाचे वचन एकटे वाचले की धडकी भरते, परंतु त्याच्या अलीकडचेच वचन सांगते की, ज्याला ज्ञान उणे आहे त्याने देवाजवळ मागावे, कारण तो दोष न लावता उदारपणे देतो. मागणाऱ्याला कळत नाही, हे तेथे गृहीतच धरलेले आहे. सगळे पत्र सलग वाचले तर ध्यानात येते की, याकोबाचा रोष देवाकडेही मागायचे आणि जगाशीही संधान बांधून ठेवायचे, अशा दुटप्पी वागण्यावर आहे. अंथरुणाला खिळलेल्या बहिणीसाठी प्रार्थना करून रिकाम्या हाताने परतलेल्या मुलीवर नाही.

प्रभुभोजनाविषयी तुमच्या मनात ‘अयोग्य प्रकारे’ भाकर खाण्याचे भय असेल, असे वाटते. करिंथच्या मंडळीला पौलाने तो इशारा दिला, तो काही जण आपले जेवण आधीच उरकत आणि गरीब उपाशी राहत, या वागण्यावरून (१ करिंथ ११). शंकेखोरांना मेजावरून उठवण्यासाठी तो लिहिलेला नाही. येशूने शिष्यांबरोबर शेवटचे भोजन केले, त्या रात्री त्याचा शिष्य थोमाही मेजावर होता. पुढे पुनरुत्थानाची वार्ता त्याने साफ नाकारली, तरी आठ दिवसांनी शिष्य पुन्हा एकत्र जमले तेव्हा तो त्यांच्यात होता (योहान २०). विश्वास बसत नसतानाही तो आठवडा त्याने त्याच माणसांच्या सोबतीत काढला, आणि दहा जणांनीही त्याला बाहेर काढले नाही. आपल्याकडे थोमाला नावे ठेवताना ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

पुण्यात आहात, तर केडगाव लांब नाही. तेथे मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. त्यानंतर त्यांनी त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव) शिकवणीवर आणि चर्चच्या अधिकारावर आपल्या अँग्लिकन मार्गदर्शकांशी पत्रांतून कडाडून वाद घातला. पटले नाही ते पटले म्हणून त्यांनी कधी सांगितले नाही. पुढे स्वतःच्या साक्षीत त्यांनी लिहिले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, परंतु ख्रिस्त सापडला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्या लक्षात आले. त्याच मधल्या काळात, १८८९ साली, त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. आधी सगळे निःशंक होऊ दे, मग विधवांना आसरा देईन, असे म्हणत त्या बसल्या नाहीत.

मैत्रिणींच्या प्रश्नांवर सवडीने वाचन करा; ते जुने प्रश्न आहेत आणि त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तुमच्या पत्रावरून तरी मूळ दुखणे ते दिसत नाही. मूळ दुखणे शोकाचे आहे, आणि शोकाला युक्तिवाद पुरा पडत नाही. प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर ८८ वे स्तोत्र मोठ्याने वाचा. ते तक्रारीने भरलेले आहे आणि अंधारातच संपते, शेवटी आशेची एक ओळही नाही. तरी ते सगळे देवालाच उद्देशून आहे. असे बोलणे हाही भरवसाच आहे, कारण ज्याच्यावरची आशा पुरती सुटली त्याच्याशी कोणी भांडत बसत नाही.

आता वर्गाविषयी. ‘मागा म्हणजे मिळेल’ यांसारखे धडे काही महिने सहशिक्षिकेकडे द्या आणि तुम्ही गोष्टी, गीते, पाठांतर सांभाळा. संडे स्कूलच्या मुख्यांना कारण थोडक्यात सांगा. एखाद्या मुलाने ‘ताई, देवाने तुमच्या बहिणीला बरे का केले नाही?’ असे विचारलेच, तर ‘मला ठाऊक नाही, मीही देवाला तेच विचारते’ एवढे खरे सांगा. मुले त्याने बिघडत नाहीत. मोठ्यांचे ठोकळेबाज उत्तर त्यांना जास्त लवकर कळते.

आणि पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारापूर्वी तुमच्या पाळकांना एकांतात भेटून हे सारे सांगा. त्यांनी ऐकून न घेताच ‘हे सैतानाचे काम आहे’ म्हणून विषय मिटवला, तर तो सबंध मंडळीचा निर्णय समजू नका. जवळच्या दुसऱ्या मंडळीतील एखादे अनुभवी पाळक किंवा पाळकीणबाई गाठा.