अलास्का क्रूझवर जुनो आणि स्कॅगवेला सहल जहाजातर्फे घ्यावी की स्थानिक गाइडकडून?

जुनोला बिनधास्त स्थानिक गाइड घ्या. व्हेल दाखवणाऱ्या त्यांच्या छोट्या बोटींत माणसं मोजकी असतात, त्यामुळे कठड्यापाशी रेटारेटी होत नाही. उन्हाळ्यात तिथे हंपबॅक व्हेल सहसा दिसतातच. मेंडेनहॉल हिमनदी गावापासून साधारण १९ किमीवर आहे.

स्कॅगवेचं आकर्षण म्हणजे १९०० साली पूर्ण झालेली व्हाइट पास रेल्वे. कॅनडातल्या क्लोंडाइक भागातल्या सोन्यामागे धावणाऱ्यांच्या काळातली ही नॅरोगेज गाडी सुमारे ३२ किमीत ८७० मीटर चढते. माथेरानची आठवण येईल, फक्त इथे मामला बराच मोठा. बसने युकॉनला नेणाऱ्या सहली मात्र कॅनडात शिरतात. भारतीय पासपोर्ट असेल तर कॅनडाचा व्हिसा आहे ना, हे पैसे भरण्याआधीच बघा.

खरा फरक उशीर झाला की कळतो. जहाजातर्फे घेतलेली सहल लांबली तर जहाज सहसा थांबतं, तुम्ही परस्पर ठरवलेली लांबली तर थांबत नाही. आणि जुनोला बाहेरून येणारा रस्ताच नाही, म्हणजे पुढचं बंदर विमानानं किंवा फेरीबोटीनंच गाठायचं, तेही स्वखर्चानं! म्हणून जहाज सुटायच्या निदान दोन तास आधी परत आणून सोडणाराच गाइड निवडा.