हाउस वाजवायला शिकताय? आधी बेस सांभाळा

हाउस म्हणजे क्लबात नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत. त्याचा वेग साधारण १२० ते १२८ बीपीएम, म्हणजे मिनिटाला तितके ठोके, आणि बहुतेक गाणी ३२ ठोक्यांच्या तुकड्यांत बांधलेली. नवं गाणं तुकड्याच्या पहिल्या ठोक्यावरच सोडा. मध्येच सोडलंत तर ठोके जुळूनही कानाला खटकतं. आत येणाऱ्या गाण्याचा बेस (खालचा, घुमणारा आवाज) पूर्ण खाली ठेवा आणि पुढचा तुकडा सुरू होताना एकाचा काढून दुसऱ्याचा द्या. दोन्ही एकदम राहिले की आवाज गढूळ होतो, मिक्सरचे लाल दिवे पेटतात. दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणारं सिंक बटण खुशाल वापरा, पण ते चुकलं तर कानाला कळायला हवं.

रेडिओचं गणित वेगळं. शिकागोत १९७७ पासून ‘वेअरहाउस’ क्लबात डीजे फ्रँकी नकल्स रात्रभर गर्दी हळूहळू तापवत, १९८१ पासून डब्ल्यूबीएमएक्स रेडिओ स्टेशनवर ‘हॉट मिक्स ५’ या डीजे-गटाची मंडळी मात्र झटपट, हातचलाखीचे मिक्स करत. श्रोता स्टेशन बदलू शकतो ना! म्हणून रेडिओसाठी ३० मिनिटांचा नमुना करताना लांबलचक सुरुवाती कापा.

क्लबात पहिली पाळी मिळाली तर उलट करा: वेग १२० च्या आसपास, आवाज थोडा कमी, आणि मुख्य डीजेची हुकमी गाणी पेटीतच राहू द्या.