मुलाचं नाव काय ठेवावं? पत्रिकेतलं अक्षर, सासऱ्यांची इच्छा आणि आमची आवड जुळत नाहीये

ताई, आधी तुमचं दोघांचं मनापासून अभिनंदन.

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं. बाळाचं नक्षत्र उत्तराभाद्रपदा, गुरुजींनी काढून दिलेली अक्षरं दू, थ, झ, ञ. सासऱ्यांना त्यांच्या वडिलांचं नाव, दत्तात्रय, घरात परत हवंय. तुम्हाला दोघांना आरव किंवा रेयांश आवडलंय. नणंदबाई रोज नवी यादी पाठवतायत. कांदिवलीचा हॉल पुढच्या महिन्यासाठी घेऊन झालाय आणि घरात आता नावाचा विषय काढला की सगळे गप्प होतात.

मी मुंबईत प्राथमिक शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. रोज सकाळी हजेरी घेताना नावं मोठ्याने उच्चारणं हे माझं कामच होतं. त्यामुळे नावाकडे मी पहिल्यांदा हाक म्हणून बघते. यादीत सुंदर दिसणारं नाव हाकेत टिकेलच असं नाही. तुमच्या मुलाला आजी स्वयंपाकघरातून हाक मारणार, वॉचमनकाका गेटवरून मारणार, खाली क्रिकेट खेळणारी पोरं मारणार. यातली निम्मी माणसं मुंबईत मराठी नसणार. त्या सगळ्यांच्या तोंडी नाव नीट बसलं पाहिजे.

पत्रिकेच्या अक्षराचं मात्र ओझं घेऊ नका. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, अशी १०८ अक्षरं होतात आणि त्यांतली कित्येक अशी आहेत की त्यावरून धड नावच सुचत नाही. 'ञ'वरून कोण काय ठेवणार? आपल्या शास्त्रात याची सोय आधीपासून आहे. नामकरणात एक नाव नसतंच, चार असतात: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यवहारनाम. विधी नीट केलात तर गुरुजी ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने ही नावं लिहायला लावतील. मासनामंही ठरलेली आहेत, अनंत, अच्युत, जनार्दन, वासुदेव अशी बारा महिन्यांची बारा. अक्षराचा मान नाक्षत्रनामात राखला जातो. तिथे दुष्यंत लिहा, दुर्गेश लिहा, पत्रिकेत तेच राहू द्या. रोज हाक मारायचं, शाळेत घालायचं ते व्यवहारनाम. त्याला अक्षराचं बंधन नाही. सासूबाईंना हे गुरुजींच्या तोंडून ऐकवा, तुम्ही सांगितलंत तर त्यांना पळवाट वाटेल.

आता आरव आणि रेयांश. स्पष्ट लिहिते, राग मानू नका. बाळांच्या नावांच्या साइट्सवर आरवचा अर्थ 'शांत' असा दिलेला असतो. तो बरोबर उलटा आहे. कलरव, घंटारव यांतला 'रव' आपल्याला माहीत आहे. आरव म्हणजे आवाज, गलका. नाव म्हणून ते गोड आहे, वाईट काहीच नाही, पण 'शांत' म्हणून ठेवणार असाल तर ठेवू नका. रेयांशमधला 'अंश' समजतो. 'रेय' म्हणजे प्रकाश असा अर्थ मात्र संस्कृतात नाही. उद्या मुलगा आठ-नऊ वर्षांचा झाला की विचारणार, आई, माझ्या नावाचा अर्थ काय? हा प्रश्न प्रत्येक मूल विचारतं. तिसरी-चौथीत आम्ही 'माझे नाव' यावर चार ओळी लिहायला द्यायचो आणि मुलं घरून अर्थ विचारून यायची. ज्याला आजोबांनी नीट गोष्ट सांगितलेली असायची ते मूल उभं राहून तावातावाने वाचायचं. ज्याच्या वहीत साइटवरून उतरवलेली एक ओळ असायची, ते ती पटकन वाचून खाली बसायचं. म्हणून नाव आवडलं की आधी वा. शि. आपट्यांचा संस्कृत कोश उघडा. तो १८९० सालचा आहे, आता इंटरनेटवर फुकट बघता येतो. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरं म्हणजे गर्दी. प्रत्येक काळाची आपली नावं असतात. एकेकाळी मुंबईत गल्लोगल्ली सचिन होते. ज्याच्यामुळे ते नाव इतकं पसरलं त्या तेंडुलकरचं नाव त्याच्या वडिलांनी सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवलं होतं. पुढे अक्षय, अनिकेत, ओंकारची लाट आली, मग अथर्व आणि आदित्यची, आता आरव, विवान, कियान. एका वर्गात तीन अथर्व आले की आम्ही नाइलाजाने आडनावाचं अक्षर लावून हाक मारायचो. मग मुलंही तेच उचलायची. एक पोरगा वर्षभर सगळ्यांचा 'अथर्व के' होता, डबा खाताना, खेळताना, भांडतानासुद्धा. तो तक्रार करत नसे, पण त्याची आई पालकसभेत म्हणाली होती, 'बाई, निदान तुम्ही तरी नुसतं अथर्व म्हणा.' ते मला फार लागलं. नाव अगदी जगावेगळं असावं असं मी म्हणत नाही. पण तुमच्या इमारतीत आणि नात्यात आधीच किती आहेत, एवढं मोजून बघा.

तिसरं उच्चाराचं. मुंबईत राहायचं तर ज्ञ, ऋ आणि ळ यांचा विचार करावाच लागतो. ज्ञानेशचं इंग्रजी स्पेलिंग आपण मराठी उच्चाराप्रमाणे 'डी एन वाय'ने सुरू करतो आणि बाहेरचा माणूस ते 'डन्यानेश' वाचतो. हृषीकेशचा आपण 'रु' करतो, हिंदी बोलणारे 'रि' करतात. नीळकंठमधला ळ रोमन लिपीत येतच नाही. या नावांवर माझं प्रेम आहे आणि कुणी हौसेने ठेवली तर मला आनंदच होईल. फक्त ठेवताना जन्मभर दुरुस्त करत बसायची तयारी हवी.

आता तुमच्या सासऱ्यांविषयी, कारण मला वाटतं खरी गाठ तिथेच आहे. आजोबा-पणजोबांचं नाव नातवाला देणं ही फार जुनी रीत. पूर्वी सून सासऱ्याचं नाव घेत नसे, म्हणून तेच नाव असलेल्या मुलाला घरात बाळ, भाऊ, नाना अशी वेगळी हाक पडायची आणि खरं नाव कागदावरच राहायचं. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे संस्कृत व्याकरणावरच्या जुन्या ग्रंथात, मुलाच्या नावाचे नियमच दिलेले आहेत. दहा दिवस उलटल्यावर नाव ठेवावं, ते घोष ध्वनीने (म्हणजे ज्याच्या उच्चारात गळ्यात कंप जाणवतो अशा) सुरू व्हावं, मध्ये य-र-ल-व यांपैकी काही असावं, दोन किंवा चार अक्षरांचं असावं, आधीच्या तीन पिढ्यांची आठवण देणारं असावं. दोन हजार वर्षांपूर्वीही लोकांना पणजोबा आठवणीत ठेवायचे होते. सासऱ्यांना 'जुनाट नाव आहे' असं म्हणू नका. त्यांच्या वडिलांचं नाव आहे ते.

पण आठवण ठेवायला तेच नाव हवं असं नाही. दत्ताचीच दुसरी नावं बघा. श्रीपाद आहे, दिगंबर आहे, आत्रेय आहे (अत्रींचा मुलगा, म्हणजे दत्तच). आणि अवधूत आहे.

मला विचाराल तर अवधूत. म्हणून बघा मोठ्याने. चार अक्षरं, सुरुवातीला अ, मध्ये व, म्हणजे पतंजलीलाही चालेल. यात गुजराती शेजारणीची जीभ अडखळेल असं एकही अक्षर नाही. अर्थ कोशात सापडतो: ज्याने सगळी बंधनं झटकून टाकली तो. घरात कुणी म्हणेल, तान्ह्या बाळाला संन्याशाचं नाव कशाला? त्यांना सांगा, दिगंबर, गोरख ही नावंही आपल्याकडे संसारी माणसांनी हौसेने मिरवली आहेत. मित्र त्याचा अव्या करतील, ते कुठल्याही नावाचं होतंच. अवी हे घरगुती नावही छान आहे. सासऱ्यांच्या वडिलांचा दत्त घरात राहील आणि तुमच्या मुलाला पणजोबांचं जसंच्या तसं नाव घेऊन वावरावं लागणार नाही.

मिस्टरांना अगदीच पसंत पडलं नाही तर श्रीपाद. त्याहून जास्त पर्याय घरात मांडू नका. यादी लांबली की वाद लांबतो. नणंदबाईंना विश्वासात घ्या, कारण कानात कुर्रर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा आहे. त्यांनी एकदा मनावर घेतलं की बाकीचे हरकत घेत नाहीत.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण त्यात नाव असलंच पाहिजे असं नाही. रुग्णालयात घाईघाईने काहीतरी लिहून देऊ नका. नाव न घालता नोंद होते आणि नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत वॉर्ड ऑफिसमध्ये अर्ज करून नाव विनाशुल्क चढवता येतं. त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून येतं. मात्र एकदा चढलेलं नाव, विचार बदलला म्हणून बदलून घेणं फार जिकिरीचं आहे. १ ऑक्टोबर २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखलाच पुरावा म्हणून लागणार, त्यामुळे तो पहिल्याच वेळी अचूक हवा.

आणखी एक. राज्य सरकारच्या निर्णयाप्रमाणे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळेच्या, परीक्षेच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. म्हणजे मुलाच्या नावाला लागून तुमचं नाव येणार. पूर्ण नाव चारही शब्दांसकट दोघांनी एकमेकांना वाचून दाखवा. कुठे अडखळायला होतंय का ते लगेच कळतं.

आणि इंग्रजी स्पेलिंग बारशाआधीच कागदावर लिहून ठेवा. अवधूतमध्ये 'व्ही'नंतर 'ए' घालायचा की नाही आणि 'धू'ला डबल 'ओ' की 'यू', हे दोघांनी मिळून ठरवा. जन्मदाखला, आधार, शाळा, पासपोर्ट, सगळीकडे अक्षरन् अक्षर तेच द्या. दाखला हातात आला की खिडकीपासून हलायच्या आधी मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं नीट वाचा. टंकलेखनाची चूक असेल तर तिथल्या तिथे सांगा.