गणपतीला गावी गेल्यावर मोबाइलवरच्या फोटोंतून घर आणि वाडी समजून घेता येईल का?

तुम्ही मुंबईत वाढलात, गणपतीला मालवणकडच्या गावी जाताय, हातात फक्त मोबाइल आणि दरवर्षीच्या ग्रुप फोटोपलीकडचं काही हवंय. होईल की. फक्त सुरुवातीला नवे फोटो काढू नका, जुने बाहेर काढा.

माजघरातल्या फ्रेमा, ट्रंकेतली पाकिटं घ्या आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाशेजारी बसा. ‘जुनं काही सांगा’ म्हटलं तर ‘काय सांगूचा आता’ म्हणून विषय मिटतो. फोटो हातात दिला की बोट फिरायला लागतं. मानववंशशास्त्रात फोटोग्राफी वापरणाऱ्या जॉन कॉलियर यांनी १९५७ साली हीच गोष्ट संशोधनाची पद्धत म्हणून मांडली होती: फोटो समोर ठेवला की लोक जास्त नेमकं बोलतात. आमच्याकडे आजोबांचा कोटातला फोटो आहे. आजी म्हणाली, ‘कोट खंयचो? स्टुडिओवाल्याचो!’ आणि त्यातून परळची गावकऱ्यांची खोली निघाली, एकाच वाडीचे सगळे, गिरणीच्या पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपणारे. मग शेजारच्या घरात गेलो, तर तिथल्या फोटोतही तोच कोट, वरचं बटण तसंच तुटलेलं. कोणी कोणाला मुंबईला नेऊन गिरणीत चिकटवलं, हे वंशावळीत कुठे असतं?

बोलणं विचारून रेकॉर्ड करा. फोटोची कॉपी दाराजवळच्या उजेडात काढा, फ्लॅश बंद, मोबाइल फोटोला समांतर. मागच्या बाजूचीही घ्या, स्टुडिओचा शिक्का तिथेच सापडतो. ओलीने फोटो काचेला चिकटला असेल तर सोडवू नका, फाटतो. काचेवरूनच काढा.

आता नवे. सजलेल्या मखराचे फोटो सगळे काढतात. माटवी (गणपतीच्या वर टांगायची लाकडी चौकट) बांधताना काढा: कवंडळाची फळं, हरणाची रानफुलं कोणी रानातून आणली, असोला (न सोललेला) नारळ कोण बांधतंय, खालून कोण हुकूम सोडतंय. रात्री भजनाला मंडळी आली की बुवांचा एक फोटो पुरे, मग मागीलदारी जा. तिथे वाटाण्याच्या उसळीचा टोप उतरवणाऱ्या बायका दरवर्षी फोटोबाहेर राहतात. (आधी विचारा. आणि ते फोटो इन्स्टावर टाकायचे की नाही, हे त्या ठरवतील.)

किनाऱ्यावर रापण (वाडीने मिळून किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागली असेल तर दोर ओढतानाचे फोटो पर्यटकांना काढू द्या. तुम्ही मासळी वाळूवर येईपर्यंत थांबा. वाटे घालताना जाळ्याचा किती, होडीचा किती, ओढायला कोण होतं, हे सगळं समोर मांडलं जातं. वाडी कशी चालते ते मला तरी याहून स्वच्छ कुठे दिसलेलं नाही. देवळात मात्र कॅमेरा काढण्याआधी गावकर-मानकऱ्यांना विचारा.

ग्रुप फोटो घ्याच, पण आरती संपल्या संपल्या नको, तेव्हा निम्म्या बायका चुलीपाशी असतात.

परतल्यावर निवडक प्रिंट काढून गावी पाठवा, व्हॉट्सअॅपवरचा फोटो आजीपर्यंत पोचत नाही. फ्रेम केलीत तर मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवायला सांगा, म्हणजे पावसाळ्यात भिंतीची ओल थेट फोटोला लागणार नाही.